भोक न पाडता बसवलेली दुर्बीण

ती घटना मला आठवावी लागत नाही. खंडेनवमी आली, बायको घरातली सुरी, कात्री, विळी घासून पाटावर मांडायला लागली, की ती आपली आपण समोर येऊन बसते. नोकरीत खून पुष्कळ पाहिले. ग्वाल्हेरच्या ठाण्यांत त्यांची वानवा कधीच नव्हती. पण बहुतेक खुनांत शेवटी कोणीतरी वाईट माणूस हाती लागायचा आणि त्याला कोठडीत टाकून मी घरी जेवायला जायचो. या प्रकरणात वाईट माणूस शोधून शोधून मी दमलो आणि तो निघालाच नाही. नावं कोणाचीच देत नाही. ज्यांची होती त्यांना ती आधीच जड झाली आहेत.

महाराष्ट्रातल्या वाचकांना आधी एक गोष्ट सांगायला हवी. आम्ही ग्वाल्हेरचे मराठी. कोणाचे पूर्वज दरबारी कामदार, कोणाचे भटजी, माझ्यासारख्यांचे साधे शिपाई. त्यांनी दक्षिणेतून घोडे आणि तलवारी आणल्या. त्यातलं आता पूजेला मांडण्यापुरतं उरलंय. पण या मुलखाची हवाच अशी की बंदुकीशिवाय माणसाला अंगात सदरा नसल्यासारखं वाटतं. तुमच्याकडे स्थळ पाहताना फ्लॅट कुठे आहे ते विचारतात, आमच्याकडे परवाना कोणाच्या नावावर आहे ते विचारतात. यात नुसती मिजास नाही. ज्याच्याकडे परवाना आणि स्वतःची बंदूक, त्याला गनमॅनची नोकरी मिळते. शोरूमच्या दारात, टोलनाक्यावर, एखाद्या ठेकेदाराच्या गाडीत. गिरण्या बंद पडल्यावर कित्येक घरं या एका कागदाने तारली. त्यामुळे बाप गेला की इकडचे भाऊ शेतावरून कमी आणि बंदुकीवरून जास्त भांडतात.

मी तेव्हा शहराच्या कडेला असलेल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. अर्धी हद्द वस्तीची, अर्धी शेतांची. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बंदोबस्तावरून परतलेली माणसं पेंगत होती. तेवढ्यात रुग्णालयातून फोन आला की गोळी लागलेला एक तरुण आणलाय, आणला तेव्हाच त्याच्यात काही उरलं नव्हतं.

तिथे स्ट्रेचरजवळ एक माणूस उकिडवा बसला होता. त्या तरुणाच्या घरची शेती अर्ध्या वाट्याने कसणारा, इकडच्या भाषेत बटाईदार. त्याच्या बनियनवर रक्त वाळलं होतं.

“साहब, बड़े भैया से गोली चल गई,” तो म्हणाला. “रोझ भगा रहे थे. मिट्टी के टीले पे मारी थी, सामने दिख रहा था मुझे.”

रोझ म्हणजे नीलगायी. उभ्या पिकात कळपाने शिरतात आणि सकाळपर्यंत शेत भुईसपाट करतात. नावात गाय असल्यामुळे कोणी त्यांना मारत नाही, आणि कायदाही मारू देत नाही. मग लोक हवेत नाहीतर मातीत गोळी झाडून त्यांना पिटाळतात. तेही कायद्याने चालत नाही, पण चालतं.

“बड़े भैया कहाँ हैं?”

“अम्मा को बताने गए हैं.”

थोरला भाऊ आला तो दुपार उलटल्यावर, आणि थेट ठाण्यातच आला. चाळिशी ओलांडलेला, हातांच्या रेषांत ग्रीस मुरलेलं. बिर्लानगरात बंद गिरणीच्या मागे गाळे आहेत, त्यातल्या एकात त्याचं लेथ मशीनचं छोटं वर्कशॉप होतं. वडिलांची रायफल त्याने माझ्या टेबलावर ठेवली. बोल्ट मागे ओढलेला, चेंबर मोकळं, अगदी नियमाप्रमाणे. जुन्या लष्करी घाटाची, लाकडी दस्त्याची, तीनशे पंधरा बोअरची रायफल. दस्ता तेल पाजून पाजून काळा झालेला.

“मी मारला धाकट्याला. लिहून घ्या, साहेब,” तो मराठीत म्हणाला.

“भांडण होतं?”

“होतं.”

“जाणूनबुजून मारलास?”

“माझ्याच्याने झालं नं. अजून काय पाहिजे तुम्हाला?”

पोलिसापुढच्या कबुलीला न्यायालयात काडीची किंमत नसते, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असतं. पण माझ्या मनात वेगळंच आलं. न विचारता कबूल होणारा माणूस बहुधा कोणाच्या तरी पुढे आडवा उभा असतो. इथे मागे कोण आहे ते मला दिसत नव्हतं.

कागद मात्र त्याच्या विरुद्ध बोलत होते. वडील गेल्यावर परवाना थोरल्याच्या नावावर होताना धाकट्याने हरकत घेतली होती आणि त्याची चौकशी आमच्याच ठाण्यातून झाली होती. धाकट्याला दिल्लीकडे गनमॅनची नोकरी मिळत होती, फक्त बंदूक हवी होती. थोरला म्हणायचा, बंदूक तू नेलीस तर शेत कोण राखणार? दसऱ्याच्या संध्याकाळीही याच गोष्टीवरून जुंपली आणि गल्लीतल्या सगळ्यांनी ती ऐकली. धाकट्याने थोरल्याला सोनं दिलं नाही, पाया पडला नाही, ताटावरून उठून गेला.

त्याच दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. खासगी बाजारात कापडाच्या दुकानावरच्या तीन खोल्या. आई भिंतीला टेकून बसली होती. रडून झालं होतं, आता नुसती बोलत होती.

“मीच पाठवला हो त्याला, भाऊ. म्हटलं, सणाचा तोंड फिरवून बसलास, आता जा, दादाला नाश्ता देऊन ये, बोल त्याच्याशी. उठतच नव्हता. मी हाताला धरून उठवला. नसता पाठवला तर घरी झोपलेला असता.”

शेजारणी तिला सांगत होत्या की यात तुमचा काय दोष. ती मान हलवायची आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायची. मी काही विचारलं नाही. विचारण्यासारखी तिची अवस्था नव्हती.

दोन दिवसांनी खबर आली. बिर्लानगरातला आमचा एक खबऱ्या होता, चहाच्या टपऱ्यांवरून फिरणारा. तो म्हणाला, “साहब, बड़े ने खराद पे दूरबीन की पकड़ बनाई है. महीनों लगा रहा उसमें. छोटे के लिए ही बनाई होगी.” खराद म्हणजे लेथ. खबऱ्यांचं एक असतं. बातमी बाजारातून आणतात आणि अर्थ पदरचा जोडतात. यातलं पहिलं वाक्य ऐकल्याबरोबर खरं वाटलं. दुसरं मी बाजूला ठेवलं, पण माझ्या साहेबांनी तेच उचललं.

कारण माझ्या टेबलावर आलेल्या रायफलीवर दुर्बीण नव्हती. ती होती, तर गेली कुठे? रुग्णालय ते ठाणे हे अंतर फार तर अर्ध्या तासाचं, आणि थोरला सकाळचा निघालेला दुपारनंतर उगवला होता. त्या मधल्या वेळेला आता अर्थ आला. साहेब म्हणाले, “इतनी बारीक चीज़ बनाने वाला आदमी निशाना चूकेगा? कत्ल है, सीधा कत्ल.” सुतावरून स्वर्ग गाठायला वरिष्ठांना वेळ लागत नाही. तेव्हा जुनीच कलमं होती. तीनशे दोन लागलं.

पंच घेऊन मी वर्कशॉपची झडती घेतली. मशीनला झेंडूचा हार अजून तसाच होता, चाकावर हळदीकुंकवाची बोटं. कारागीर लोक खंडेनवमीला आपल्या यंत्रांची पूजा करतात आणि त्या दिवशी मशीन फिरवत नाहीत. मशीनखाली लोखंडाच्या किसाने भरलेला डबा होता. त्यात हात घातला तर फडक्यात गुंडाळलेली वस्तू लागली. दुर्बीण, आणि ती बंदुकीवर धरून ठेवणारी पकड. याला शिकलेले लोक माउंट म्हणतात.

मी शस्त्रं आयुष्यभर हाताळली, पण असं काम क्वचित पाहिलं. कुठे खरखर नाही, कुठे उगाच चकाकी नाही. दुर्बिणीभोवतीच्या दोन कड्या, खाली बंदुकीच्या अंगाला दोन्ही बाजूंनी चावणारे जबडे, आणि आडवे बारीक पेच. घरगुती काम आहे हे कोणी सांगितल्याशिवाय कळलं नसतं.

माझा उपनिरीक्षक भिंडकडचा होता. त्याने टॉर्च मारला आणि म्हणाला, “सर, अंदर ये लाल क्या है? ग्रीस?”

जबड्याच्या आतल्या अंगाला काहीतरी वाळून चिकटलं होतं, पिवळं आणि लाल. त्यात एक तांदळाचा दाणा रुतून बसला होता, अर्धवट चेपलेला. हळद, कुंकू आणि अक्षता. मराठी घरात वाढलेल्या माणसाला ते सांगावं लागत नाही. पण तिथे ते का आहे ते मलाही कळेना. पंचनाम्यात जसंच्या तसं लिहून घेतलं, पंचांच्या सह्या घेतल्या आणि वस्तू न पुसता, न उघडता सीलबंद केली. पूजेचं गंध शस्त्राला लागतंच, त्यात विशेष काय, असं उपनिरीक्षकाचं म्हणणं होतं. दसऱ्याला ठाण्यातल्या रायफलींनाही आम्ही टिळे लावतोच की.

दुसऱ्या दिवशी मी थोरल्याला समोर बसवलं. गुन्ह्याबद्दल विचारलं की तो तीन शब्दांत उत्तर द्यायचा आणि भिंतीकडे बघायचा. म्हणून मी तो विषय सोडून दिला. चहा मागवला आणि विचारलं, “ही पकड कशाची केलीस?”

त्याने मान वर केली. “गिरणीच्या भंगारातला तुकडा होता, साहेब. जुन्या मशीनचा. आता तसं पोलाद कुठे मिळतं?”

“आणि दुर्बिणीची गरज काय पडली?”

“डोळे. चाळिशीनंतर नळीच्या टोकाची नेमाची माशी साफ दिसते तर मागचं निशाण धुंधला होतं, निशाण बघावं तर माशी जाते. आणि शेतात माणसं असतात नं. अंदाजाने गोळी नाही चालवता येत.”

मग तो बोलतच राहिला. कड्या खरादावर आतून कशा कातल्या, एकाच फेरीत, म्हणजे दोन्ही एका रेषेत राहतात. जबडे मात्र कानसीने हातानेच बसवले. बंदुकीच्या अंगाला निळा रंग लावायचा, जबडा टेकवायचा, जिथे रंग उमटेल तिथे घासायचं, पुन्हा टेकवायचं. कितीतरी संध्याकाळी त्यात गेल्या. सांध्यातून बॅटरीचा उजेड दिसेनासा झाला तेव्हा थांबला. आडव्या पेचांनी दुर्बीण डावी-उजवीकडे केसभर सरकवता यायची. टेबलावर बोटाने आकृती काढून तो मला समजावत होता. तेवढा वेळ त्याच्या चेहऱ्यावर भाऊ मेलेला नव्हता.

मी विचारलं, “एवढा खटाटोप कशाला? वरून दोन भोकं पाडून आटे मारले असतेस तर दुपारभरात झालं असतं.”

“बाबांची बंदूक आहे. आई बोलली, भोक नाही पाडायचं. आणि नवमीला तिला बाबांच्या वेळेस होती तशीच पाहिजे, साधी. म्हणून अशी बनवली की पूजेला काढता येईल आणि…”

तो थांबला. चहाचा पेला हातात तसाच राहिला. आपण काय बोलून गेलो ते त्याला कळलं होतं, आणि मलाही.

“यंदा पूजेला कोणी काढली?”

“मीच.”

“परत कोणी बसवली?”

“मीच, साहेब. मीच काढली, मीच लावली. तुम्ही खामखां परेशान होताय. लिहा नं, मी मारला.”

इतका वेळ सरळ बोलणारा माणूस आता खोटं बोलत होता आणि ते त्याला जमत नव्हतं. सांध्यातून उजेड दिसू नये म्हणून कित्येक संध्याकाळी घासणारा माणूस त्याच सांध्यात तांदळाचा दाणा ठेवून पेच कसेल? मी वर्कशॉपच्या शेजारच्या गाळेवाल्यांना विचारलं. नवमीला थोरला दिवसभर तिथेच होता. सगळ्या गाळ्यांत मिळून एकच गुरुजी, ते उशिरा आले, पूजा लांबली. तो निघाला तेव्हा दिवेलागण झाली होती. घरच्या शस्त्रांची पूजा खरं तर घरातल्या कर्त्या पुरुषाने करायची. पण मुहूर्त काही कोणाची वाट बघत नाही.

साहेबांची परवानगी काढून मी रायफल आणि पकड तपासणीला दिली. चिकटलेला दाणा आधी प्रयोगशाळेने ताब्यात घेतला. मग तज्ज्ञासमोर पोलीस लाइनीत हत्यारं दुरुस्त करणाऱ्या आर्मोररने दोन्ही रीतीने गोळ्या झाडून पाहिल्या. पकड स्वच्छ बसवली की गोळी जिथे नेम तिथे. जबड्यात तसाच एक दाणा ठेवून पेच आवळले की दुर्बीण दिसेल न दिसेल इतकी तिरपी व्हायची, आणि लांबवरच्या लक्ष्यावर गोळी माणसाच्या उंचीइतकी डावीकडे जायची. आम्ही शेतात जाऊन पाहिलं. मातीचा ढिगारा तिथेच होता. त्याच्या डावीकडे तूर छातीइतकी वाढलेली, आणि तिच्यामागून पायवाट. धाकटा त्या पायवाटेवर पडला होता, हातात नाश्त्याचा डबा. बटाईदार पहिल्या दिवसापासून हेच सांगत होता. नोकर मालकाच्या बाजूने बोलणारच, असं धरून त्याचं कोणी मनावर घेतलं नव्हतं.

मी थोरल्याला कोठडीतून बोलावलं आणि चाचणीत काय निघालं ते सांगितलं. तो बाकावर बसला आणि पहिल्यांदा रडला.

“नवमीला उशिरा घरी आलो, साहेब. कपाट उघडलं तर बंदुकीवर दुर्बीण होतीच. मला वाटलं, आईने यंदा दुर्बिणीसकट पूजा केली. दरसाल कटकट करायची, हे काय वर माकड बसवलंस म्हणून. मला वाटलं, मानलं तिने शेवटी माझं काम. इतकं बरं वाटलं मला. म्हणून विचारलंच नाही. दरसाल परत लावल्यावर मडकं ठेवून दोन गोळ्या मारून बघतो. यंदा काढलीच नाही असं समजलो, तर बघायचं कशाला?”

“आणि तुला कळलं केव्हा?”

“त्याला दवाखान्यात ठेवलं तेव्हा. गाडीत बंदूक होती. सांध्यात कुंकू दिसलं.”

“मग पुसून का नाही टाकलंस? दाणा फेकून दिला असतास तर आम्हाला बापजन्मी कळलं नसतं.”

“आईने वाहिलेलं होतं. हात नाही चालला.”

मग त्याने माझे पाय धरले. “साहेब, तुम्ही आपले मराठी आहात, तुम्हाला समजतं. तो दाणा काढून टाका कागदातून. आधीच ती म्हणते, मी पाठवला, मी उठवला. त्यात हे समजलं तर काय होईल तिचं? मला जन्मठेप चालेल.”

प्रकरण एवढंच होतं. तो खुनी ठरला तर आईला काही कळणार नव्हतं. तो सुटायचा असेल तर आईला कळायला हवं होतं, भर न्यायालयात, वकिलाच्या तोंडून. मधली वाट नव्हती. मी ती शोधली नाही असं नाही. ठाण्याच्या मालखान्यातून काय काय नाहीसं होतं ते मला माहीत आहे, आणि एक तांदळाचा दाणा म्हणजे काय मोठा ऐवज! पण माझ्यासमोर खून न केलेला माणूस बसला होता आणि त्याला जन्मभर आत पाठवायला मला कागद खोटा करावा लागला असता. ते माझ्याच्याने झालं नाही. मी त्याला उठवलं आणि म्हणालो, “जे आहे ते लिहिणार.”

आईचा जबाब घ्यायला मी स्वतः गेलो, साध्या कपड्यांत. तिने सगळं सरळ सांगितलं. लपवायचं काही आहे हे तिच्या गावीही नव्हतं.

“थोरल्याची वाट बघितली, भाऊ. मुहूर्त निघून चालला. धाकट्याला म्हटलं, तू काढून दे ते वरचं, तर तो घुश्शात. मग मीच पेचकस घेतला. दरसाल बघते नं त्याला काढताना. पूजा केली, हळदकुंकू वाहिलं, अक्षता वाहिल्या. नंतर लावून ठेवलं परत. त्याला आवडतं ते वरचं, म्हटलं आल्यावर दिसलं नाही तर तोंड पाडेल. चांगलं घट्ट लावलं मी.” मग माझ्याकडे पाहून म्हणाली, “का हो? काही बिघडलं का माझ्याकडून?”

“नाही, काकू,” मी म्हणालो. “सहज विचारलं.”

जबाबावर तिने सही केली, अक्षर सुबक, जुन्या शाळेचं. जिना उतरताना मला वाटलं, आजवर कोणाला हातकड्या घालताना हात इतका जड झाला नव्हता.

खटला उभा राहिला तेव्हा थोरल्याने स्वतःच्या वकिलाला सांगून पाहिलं की आईला बोलावू नका. वकील म्हणाला, तिच्याशिवाय तुझ्याकडे दुसरं आहे काय? पिंजऱ्यातून त्याने न्यायाधीशांपुढे हात जोडले. न्यायाधीशांनी त्याला बसायला सांगितलं आणि त्यांचंही बरोबर होतं.

ती आली, पदर सावरून उभी राहिली. आपल्या साक्षीने मुलगा सुटू शकतो एवढं तिला कोणीतरी सांगितलं होतं, त्यामुळे मोठ्याने आणि स्पष्ट बोलत होती. हो, मीच काढलं. हो, मीच लावलं. मग वकिलाने विचारलं, लावताना आत अक्षता राहिली होती का? ती म्हणाली, बघितलं नाही. वकिलाने तज्ज्ञाचा अहवाल वाचला. हिंदीतला, कठीण शब्दांचा. तिला कळला नसावा, कारण तिने विचारलं, “मतलब?” आणि वकिलाने, त्याचा तरी काय दोष, साध्या भाषेत सांगितलं. अम्मा, उस दाने की वजह से गोली टेढ़ी गई.

न्यायालयात पंखे फिरत होते, टंकलेखक थांबला होता. ती वकिलाकडे बघत राहिली, मग हळूच पिंजऱ्याकडे वळली.

“तुला माहीत होतं?” तिने मराठीत विचारलं.

थोरला खाली बघत होता.

“तुला माहीत होतं नं रे?”

न्यायाधीशांनी काय चाललंय ते विचारलं. भाषांतर करायला तिथे मीच होतो. मी केलं.

खुनाचा आरोप टिकला नाही. निष्काळजीपणाने मृत्यू आणि परवान्याच्या अटींचा भंग एवढंच उरलं. तुरुंगात काढलेला काळ शिक्षेत धरून तो थोड्याच महिन्यांत बाहेर आला. साहेबांनी माझ्या तपासाचं बैठकीत कौतुक केलं. कत्ल है म्हणणारे तेच साहेब.

निवृत्तीनंतर एकदा मी बिर्लानगरात गेलो. त्याच्या गाळ्यात दुसरं कोणीतरी वेल्डिंग करत होतं. म्हणून खासगी बाजारात घरी गेलो. दार त्यानेच उघडलं. हात स्वच्छ होते, ग्रीसचा मागमूस नाही. आईला एकटं सोडता येत नाही, तो म्हणाला, म्हणून खराद विकून टाकला.

ती खाटेवर बसली होती. मला ओळखलं असावं, “बसा” म्हणाली. मी बसल्यावर तिने मुलाला सांगितलं, दाराची कडी बघ, मी लावली होती, नीट लागली का? तो उठला, बघून आला, म्हणाला लागली. थोड्या वेळाने तिने पुन्हा विचारलं. तो पुन्हा उठला. चहा त्यानेच केला. ती आता गॅसला हात लावत नाही, देवाला हात लावत नाही, भाजी चिरत नाही. पाण्याचा पेला भरला तरी कोणाला देत नाही, खाली ठेवते आणि दुसऱ्याने उचलेपर्यंत बघत राहते. दिवसभर एकच काम. आपण काय काय केलं ते आठवायचं आणि ते नीट झालं का ते विचारायचं.

तो मला पोचवायला जिन्यापर्यंत आला. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो की निदान तू तरी तिच्याजवळ आहेस.

“हो, साहेब. तुमचंच खरं निघालं, मी घरी आलो.” त्याच्या बोलण्यात राग नव्हता. “आत असतो तर रोज सकाळी माझ्या नावाने बोटं मोडत उठली असती. पण उठली असती.”

खाली दुकानात कापड फाडल्याचा आवाज येत होता, गिऱ्हाईकं भाव करत होती, आणि मी त्यांच्यातून वाट काढत स्कूटरपर्यंत आलो.

नवे अधिकारी कधी कधी विचारतात, की एवढ्या नोकरीत सगळ्यात चांगला तपास कोणता? मी हा सांगत नाही. यात माझ्याकडून काही राहिलं नाही, कोणावर हात उचलला नाही, कोणाचा शब्द बदलला नाही, निरपराध माणूस सुटला. पुस्तकात लिहिलेलं सगळं मी केलं. आम्हाला खरं शोधायला शिकवतात. ते सापडल्यावर ज्याच्या दारात नेऊन टाकायचं त्याला ते पेलेल का, हे विचारायची जागा कुठल्याच नमुन्यात नाही. आज तीच पकड माझ्यासमोर आली तर मी पुन्हा तो दाणा पंचनाम्यात लिहीन. पुन्हा त्या बाईला साक्षीला बोलावीन आणि ती पुन्हा खाटेवर बसून कडी लागली का ते विचारत राहील. फार रात्री जागून काढल्या या विचारात. दुसरं काही करता आलं असतं असं मला अजून सापडलेलं नाही.